टोर्नेडोच्या प्रदेशात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी: तयारी, आसरा आणि नंतरचे दिवस

नोकरी किंवा शिक्षणाच्या निमित्ताने टेक्सास, ऑक्लाहोमा, कॅन्सस, मिसुरी, इलिनॉय, टेनेसी, अलाबामा अशा राज्यांत येऊन स्थिरावणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. घर, शाळा, गाडी आणि बँक यांची व्यवस्था लावताना टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या प्रचंड वावटळीचा, विषय बहुतेक वेळा मागे पडतो. पुढे एखाद्या एप्रिलच्या संध्याकाळी घरातले सगळे फोन एकदम किंचाळू लागतात, तेव्हा कोणी खिडकीकडे धावते, कोणी गाडीची किल्ली शोधते, कोणी मित्राला फोन लावते, आणि हाताशी असलेली मोजकी मिनिटे कुठे जायचे हे ठरवण्यातच संपतात. ही मिनिटे ठरलेल्या जागी पोहोचण्यासाठी असतात. ती जागा कोणती, हे कोरड्या, निवांत दिवशी ठरवून ठेवता यावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

धोका कोठे आणि केव्हा असतो

अमेरिकेत दर वर्षी सरासरी सुमारे १,२०० टोर्नेडोंची नोंद होते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण, दमट हवा, रॉकी पर्वताकडून येणारी कोरडी हवा आणि उंचावरचे वेगवान वारे टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंतच्या सपाट मैदानांवर एकत्र येतात. त्यातून स्वतःभोवती फिरणारी प्रचंड गडगडाटी वादळे तयार होतात आणि त्यांपैकी काही वादळांतून टोर्नेडो जमिनीवर उतरतो. दक्षिणेकडील मैदानांत मे महिना आणि जूनचा आरंभ हा सर्वांत सक्रिय काळ असतो. आखाताजवळच्या राज्यांत तो वसंताच्या सुरुवातीलाच येतो, तर उत्तरेकडे जून-जुलैमध्ये. दुपारी चार ते रात्री नऊ ही वेळ सर्वाधिक धोक्याची मानली जाते.

या कालपत्रकावर मात्र पूर्ण विसंबून राहू नये. डॅलसजवळच्या गारलंड आणि रोलेट या भागांत २६ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे ऐन नाताळाच्या सुटीत, टोर्नेडो झाला आणि १० जणांचे प्राण गेले. उत्तर डॅलसमधून २० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री टोर्नेडो गेला. शिकागोच्या पश्चिमेकडील नेपरव्हिल या, भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या उपनगरात तो २० जून २०२१ रोजी रात्री अकराच्या सुमारास, लोक झोपायला गेल्यावर आला. टेनेसी आणि अलाबामा या राज्यांत रात्रीच्या टोर्नेडोंचे प्रमाण विशेष जास्त आहे. तेथे टेकड्या आणि झाडी असल्यामुळे दिवसासुद्धा तो दुरून दिसत नाही.

कोकणातून आलेल्या वाचकांना जून २०२० मधले निसर्ग चक्रीवादळ आठवत असेल. ते किनाऱ्यावर येण्याच्या आधी काही दिवस बातम्या येत होत्या, बोटी परत बोलावल्या गेल्या आणि हजारो लोकांना हलवले गेले. टोर्नेडोच्या बाबतीत एवढा अवधी मिळत नाही. विशिष्ट गावासाठीचा इशारा आणि प्रत्यक्ष तडाखा यांत अनेकदा दहा-बारा मिनिटेच असतात, काही वेळा त्याहूनही कमी. त्यामुळे घर सोडून दूर जाण्याचा आपला अनुभव येथे उपयोगी पडत नाही. येथे आहे त्या इमारतीतच योग्य ठिकाणी पोहोचावे लागते.

पहिली पायरी: इशाऱ्यांची भाषा शिकून घेणे

ऑक्लाहोमातील नॉर्मन येथे स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर ही राष्ट्रीय हवामान सेवेची संस्था आहे. ती दररोज संपूर्ण देशाचा अंदाज नकाशावर प्रसिद्ध करते. त्यात धोक्याच्या पाच पातळ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. ‘स्लाइट’ या शब्दामुळे पुष्कळांची फसगत होते. ती पातळी दुसऱ्या क्रमांकाची असली, तरी तिच्यातही घरे पाडणारा टोर्नेडो होऊ शकतो. वसंत ऋतूत सकाळी चहा घेताना हा नकाशा पाहण्याची सवय लावावी आणि आपला भाग तिसऱ्या किंवा त्यावरील पातळीत असेल, तर संध्याकाळचे बाहेरचे बेत त्या दिवसापुरते बाजूला ठेवावेत.

त्यानंतर दोन शब्द येतात आणि त्यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलापासून आजी-आजोबांपर्यंत, तोंडपाठ असला पाहिजे. ‘टोर्नेडो वॉच’ म्हणजे पुढील काही तासांत, अनेक काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे राज्याचा, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) विस्तृत प्रदेशात टोर्नेडो होण्यास अनुकूल स्थिती आहे. अशा वेळी सावध राहावे, फोन चार्ज करावेत, बूट हाताशी ठेवावेत आणि घरापासून दूर जाऊ नये. ‘टोर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे किंवा रडारवर फिरते वारे दिसले आहेत आणि तुमचा भाग त्याच्या वाटेत आहे. त्या क्षणी हातातले काम टाकून आसऱ्याच्या जागी जायचे असते. ‘टोर्नेडो इमर्जन्सी’ हा तिसरा शब्द क्वचितच वापरला जातो. मोठा, विध्वंसक टोर्नेडो दाट वस्तीकडे येत असल्याची खात्री झाली, की तो उच्चारला जातो. ३ मे १९९९ रोजी ऑक्लाहोमा सिटी आणि मूर या भागांसाठी तो पहिल्यांदा वापरला गेला.

आपली काउंटी कोणती, हे नवागतांना बहुधा माहीत नसते, कारण पत्त्यात ते नाव लिहिले जात नाही. दूरचित्रवाणीवरचा हवामान निवेदक मात्र काउंटीची आणि गावांची नावे घेत जातो. प्लेनो कॉलिन काउंटीत आहे, अर्विंग डॅलस काउंटीत आहे आणि फ्रिस्को कॉलिन व डेंटन या दोन्हींत विभागलेले आहे. आपल्या काउंटीचे, तसेच आपल्या पश्चिमेस आणि नैऋत्येस असलेल्या दोन-तीन काउंट्यांची नावे कागदावर लिहून फ्रिजवर लावावीत. वादळे बहुधा त्याच दिशेने येतात. त्यामुळे शेजारच्या काउंटीचे नाव कानावर पडले, की आपली पाळी जवळ आली आहे हे कळते.

दुसरी पायरी: इशारा पोहोचण्याचे किमान तीन मार्ग

एकाच साधनावर भिस्त ठेवू नये. फोनवर येणारी सरकारी आपत्कालीन सूचना हा पहिला मार्ग आहे. आयफोनवर सेटिंग्जमधील नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी तिचे बटण असते. मध्यरात्री हरवलेल्या मुलांच्या सूचनांनी झोपमोड होते म्हणून काही लोक तेथील सगळीच बटणे बंद करून टाकतात. निदान आपत्कालीन सूचनांचे बटण चालू आहे याची आजच खात्री करावी.

दुसरा मार्ग वेदर रेडिओचा. तीस-चाळीस डॉलरच्या आसपास मिळणारे हे छोटे यंत्र एरवी गप्प असते आणि आपण भरलेल्या काउंटीसाठी इशारा निघाला, की झोपेतून उठवील एवढ्या मोठ्याने वाजते. त्यात बॅटरी घालून ठेवली, तर वीज गेल्यावरही ते चालू राहते. रात्रीच्या टोर्नेडोसाठी याहून भरवशाचे साधन मला माहीत नाही, आणि नव्या घरात शिरल्यावर पहिल्या महिन्यात घ्यायच्या वस्तूंत त्याचा समावेश असावा असे माझे आग्रहाचे मत आहे.

तिसरा मार्ग म्हणजे स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनी किंवा तिचे ॲप. इशारा निघाल्यावर या वाहिन्या नेहमीचे कार्यक्रम थांबवून गल्ली-चौकांच्या नावांसकट वादळाचा माग दाखवतात. केवळ भारतीय वाहिन्यांचे किंवा इंटरनेटवरच्या मालिकांचे वर्गणीदार असलेल्या घरांत स्थानिक वाहिनी लागतच नाही. म्हणून एका वाहिनीचे ॲप फोनवर घेऊन ठेवावे.

गावातले भोंगे या तीन मार्गांत मी धरलेले नाहीत. ते घराबाहेर असलेल्या लोकांसाठी बसवलेले असतात आणि बंद खिडक्या, चालू वातानुकूलन व गारांचा आवाज यांत ते ऐकू येतीलच असे नाही. शिवाय त्यांची नियमित चाचणी होते: डॅलसमध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता, शिकागोमध्ये पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, ऑक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी. आकाश खराब असेल, तर चाचणी रद्द केली जाते. त्यामुळे ढगाळ वातावरणात वाजलेला भोंगा चाचणीचा समजून दुर्लक्षू नये. संकट टळल्याचा वेगळा भोंगा बहुतेक गावांत नसतो, हेही लक्षात असू द्यावे.

२२ मे २०११ रोजी मिसुरीतील जॉप्लिन शहरावर अतिशय तीव्र टोर्नेडो आला आणि १५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नंतरच्या सरकारी अभ्यासात असे आढळले, की पहिला भोंगा वाजल्यावर बहुसंख्य लोक लगेच हलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी खात्री होण्याची वाट पाहिली. खात्री करून घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे, पण ती आसऱ्याच्या जागी बसल्यानंतर फोनवर करता येते.

तिसरी पायरी: आसऱ्याची जागा निवडणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबावे आणि वाचताना स्वतःचे घर डोळ्यांसमोर आणावे. टोर्नेडोत बहुतेक माणसे उडत्या आणि कोसळत्या वस्तूंमुळे जखमी होतात किंवा दगावतात. पत्रे, लाकडी फळ्या, काचा, विटा आणि कधी गाड्यासुद्धा वाऱ्याबरोबर येतात. त्यामुळे जागा निवडताना जमिनीलगत असावे आणि बाहेरच्या हवेपासून आपल्यापर्यंत जितक्या जास्त भिंती मध्ये येतील तितके चांगले, एवढे सूत्र पाळावे.

जमिनीखालचा आसरा किंवा खास बांधलेली सेफ रूम ही सर्वोत्तम जागा होय. सरकारी मानकांनुसार बांधलेली सेफ रूम ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी आखलेली असते. ऑक्लाहोमात अनेक घरांच्या गराजच्या फरशीखाली पोलादी खोल्या बसवलेल्या दिसतात. घर विकत घेताना तशी खोली आहे का हे जरूर विचारावे, आणि असल्यास तिची नोंद स्थानिक अग्निशमन दलाकडे करता येते का तेही पाहावे, म्हणजे वर ढिगारा पडला तरी आत माणसे असू शकतात हे त्यांना कळेल.

बेसमेंट असेल, तर तेथे जिन्याखाली किंवा मजबूत टेबलाखाली बसावे. वरच्या मजल्यावर ज्या ठिकाणी फ्रिज किंवा जड कपाट असेल, त्याच्या नेमके खाली बसू नये. नैऋत्य कोपरा सुरक्षित असतो, ही जुनी समजूत चुकीची ठरलेली आहे. इलिनॉय, कॅन्सस आणि मिसुरीत बेसमेंट सर्रास आढळते. डॅलसच्या आसपास मात्र ते जवळजवळ नसतेच. तेथे तळमजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली, बिनखिडकीची लहान खोली शोधावी लागते. जिन्याखालची अडगळ, आतले बाथरूम किंवा कपड्यांचे क्लोजेट चालते. क्लोजेटमध्ये सामान कोंबलेले असेल, तर चार माणसे आत बसू शकतील एवढी जागा आजच रिकामी करावी. बाथटब असेल, तर त्यात बसून वरून गादी ओढून घेता येते.

नवागतांपैकी पुष्कळ जण लाकडी बांधणीच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. अशांनी तळमजल्यावरच्या एखाद्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. अनोळखी माणसाचे दार वाजवून असे विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण या प्रदेशात जन्मलेल्या लोकांना ही विनंती मुळीच विचित्र वाटत नाही आणि बहुतेक जण आनंदाने होकार देतात. ते जमले नाही, तर अपार्टमेंटच्या लीजिंग ऑफिसात जाऊन रहिवाशांसाठी आसऱ्याची जागा कोणती, ती रात्री उघडी असते का, हे स्पष्टपणे विचारून घ्यावे. अगदीच वरच राहण्याची वेळ आली, तर आपल्या घरातले सर्वांत आतले बाथरूम हाच पर्याय उरतो. उंच इमारतीत आतल्या जिन्याने शक्य तितके खाली यावे आणि लिफ्ट वापरू नये.

मोबाइल होम, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेले घर, जमिनीला पट्ट्यांनी बांधलेले असले तरी टोर्नेडोत टिकत नाही. त्यात राहणाऱ्यांनी वॉर्निंगची वाट पाहू नये, वॉच जाहीर होताच पक्क्या इमारतीकडे निघावे.

जागा ठरली, की घड्याळ लावून एकदा तालीम करावी. बाळाला उचलून, आजोबांचा हात धरून, अंधारात बॅटरीच्या उजेडात तेथपर्यंत पोहोचायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे कळल्यावर योजनेतल्या उणिवा आपोआप दिसतात.

चौथी पायरी: आसऱ्याच्या जागी काय ठेवायचे

एका पिशवीत टॉर्च, जादा बॅटऱ्या, पॉवर बँक, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य, नेहमीची औषधे, चष्म्याचा जादा जोड आणि थोडी रोख रक्कम असावी. ढिगाऱ्याखाली अडकल्यास ओरडून आवाज बसतो आणि धूळ नाकातोंडात जाते, तेव्हा शिट्टीच उपयोगी पडते. वादळानंतरच्या दिवसांसाठी माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी, तीन दिवस पुरेल एवढे साठवावे. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, सुकामेवा असे न शिजवता खाण्याजोगे पदार्थ आपल्या घरांत असतातच, त्यांतले काही या पिशवीत टाकावेत.

पादत्राणांचा उल्लेख वेगळा करायला हवा. आपण घरात अनवाणी वावरतो आणि बूट दाराबाहेर किंवा गराजमध्ये काढून ठेवतो. टोर्नेडोनंतर घरभर काचा आणि खिळे पसरलेले असतात, आणि बूट ठेवलेली जागाच उरलेली नसते. म्हणून प्रत्येकाचा एक जुना, जाड तळव्याचा जोड आसऱ्याच्या खोलीतच कायमचा ठेवावा. डोक्याच्या संरक्षणासाठी सायकलचे, क्रिकेटचे किंवा दुचाकीचे हेल्मेट, जे असेल ते तेथे टांगून ठेवावे. डोक्याला होणारी इजा हे मृत्यूचे प्रमुख कारण असल्याने मुलांना हेल्मेट घालूनच बसवावे.

परदेशी नागरिकांसाठी कागदपत्रांची पिशवी अत्यंत महत्त्वाची आहे. पासपोर्ट, व्हिसाचे मंजुरीपत्र, विद्यार्थ्यांचा आय-२०, ग्रीन कार्ड, जन्म आणि विवाहाचे दाखले, सोशल सिक्युरिटी कार्ड हे सगळे एका जलरोधक पाकिटात एकत्र ठेवावे आणि वॉच जाहीर झाल्यावर ते पाकीट आसऱ्याच्या खोलीत आणून ठेवावे. प्रत्येक कागदाचे छायाचित्र क्लाउडवर ठेवावे आणि एक प्रत भारतातील विश्वासू नातेवाइकाकडे पाठवावी. ती हाताशी असेल, तर हरवलेल्या पासपोर्टसाठी वकिलातीत अर्ज करणे पुष्कळ सोपे जाते.

आई-वडील घरी एकटे असतील तर

उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आई-वडील नेमके टोर्नेडोच्या हंगामात येथे असतात, आणि दुपारी चार वाजता घरात तेच दोघे असतात. त्यांचा भारतातून आणलेला फोन अमेरिकेतील आपत्कालीन सूचना दाखवीलच असे धरून चालू नये. ती आली तरी इंग्रजीत येते आणि तिचा कर्कश आवाज ऐकून गोंधळच अधिक उडतो. म्हणून त्यांना येथील सिम कार्ड घालून दिलेला फोन द्यावा, सूचनेचा आवाज एकदा ऐकवावा आणि वेदर रेडिओ त्यांच्या खोलीत ठेवावा.

त्यांना पुढील गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात: हा आवाज आला की गॅसचे बटण बंद करायचे, बूट घालायचे, या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे, डोक्यावर उशी धरून बसायचे, आणि आमचा फोन येईपर्यंत बाहेर यायचे नाही. खाली आपला पत्ता आणि ९११ हा क्रमांक लिहावा. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जमिनीवर बसता येत नसेल, तर त्या खोलीत बुटके स्टूल आधीच ठेवून द्यावे. बाबांना गॅलरीत जाऊन आकाश पाहण्याचा मोह होईल, त्याबद्दल त्यांना आदराने पण ठामपणे सांगून ठेवावे. पावसाच्या पडद्याआड लपलेला टोर्नेडो अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही.

पाचवी पायरी: वॉर्निंग निघाल्यावर

ठरलेल्या खोलीत जावे आणि दार लावावे. खिडक्या उघडण्यात वेळ घालवू नये. घरातला आणि बाहेरचा दाब समान झाला की घर वाचते, ही समजूत खोटी आहे आणि खिडकीजवळ उभे राहणे धोक्याचे आहे. गुडघ्यांवर बसून डोके खाली घ्यावे, हात मानेवर आणि डोक्यावर धरावेत, अंगावर गादी, जाड रजई किंवा ब्लँकेट ओढावे. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या अंगाखाली घ्यावे. सतत धडधडणाऱ्या मालगाडीसारखा आवाज येऊ लागला, कानांत दडे बसले किंवा मोठ्या गारांनंतर एकदम शांतता पसरली, तरी जागेवरून हलू नये. वॉर्निंगची मुदत संपल्याचे किंवा ती मागे घेतल्याचे कळेपर्यंत तेथेच थांबावे, कारण एकाच वादळातून एकापाठोपाठ एक टोर्नेडो उतरू शकतात.

मुले शाळेत असतील, तर त्यांना आणायला निघू नये. शाळांमध्ये या प्रसंगाची नियमित कवायत होते आणि वॉर्निंग चालू असताना त्या मुलांना सोडतही नाहीत. रस्त्यावरच्या गाडीत तुम्ही आणि ते मूल दोघेही अधिक धोक्यात असता. पालकांच्या मनाची त्या वेळची ओढ मी समजू शकतो, तरीही ही सूचना पाळावीच.

गाडीत असताना इशारा मिळाला, तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरावे. पेट्रोल पंपाचे दुकान, उपाहारगृह, रुग्णालय, वाणसामानाचे दुकान यांपैकी जे पहिले दिसेल तेथे आतल्या स्वच्छतागृहात जावे. गारलंडमध्ये २०१५ साली मरण पावलेल्यांपैकी बहुतेक जण हमरस्त्यांच्या चौकात गाड्यांत होते. ३१ मे २०१३ रोजी ऑक्लाहोमातील एल रेनो येथे २.६ मैल, म्हणजे ४ किलोमीटरहून रुंद टोर्नेडो झाला. त्याच्या अवघे ११ दिवस आधी मूर शहर उद्ध्वस्त झालेले असल्यामुळे धास्तावलेल्या हजारो लोकांनी गाड्या काढल्या आणि सगळे हमरस्ते तुंबले. वादळांचा अनेक वर्षांचा अनुभव असलेले संशोधक टिम सॅमरस यांचाही त्या टोर्नेडोत गाडीतच मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी काही लोक आसऱ्यासाठी पावसाच्या पाण्याच्या नाल्यात उतरले आणि पुरात वाहून गेले.

हमरस्त्यावरच्या पुलाखाली थांबणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. १९९१ मध्ये कॅन्ससमधील पुलाखाली वाचलेल्या लोकांचे चित्रीकरण जगभर दाखवले गेले आणि पूल सुरक्षित असतो असा समज पसरला. ३ मे १९९९ च्या टोर्नेडोत पुलांखाली थांबलेल्यांपैकी तीन जण दगावले आणि अनेक गंभीर जखमी झाले. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा अधिक जोराने घुसतो आणि बरोबर ढिगारा आणतो. आसपास एकही इमारत नसेल आणि ढिगारा उडू लागला असेल, तर दोनच मार्ग उरतात. गाडी बाजूला थांबवून, सीट बेल्ट लावलेला ठेवून, डोके खिडकीच्या खाली घेऊन हातांनी झाकावे, किंवा रस्त्याच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे खोल आणि कोरडी जागा जवळ असेल, तर तेथे गाडीपासून दूर पालथे झोपावे. दोन्हींत धोका आहे, म्हणूनच वॉच असलेल्या संध्याकाळी लांबच्या प्रवासाला निघू नये.

मंडळाच्या कार्यक्रमांविषयी

येथील महाराष्ट्र मंडळांचे गुढीपाडव्याचे आणि महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रम मार्च ते मे या काळात, भाड्याने घेतलेल्या शाळांच्या प्रेक्षागृहांत किंवा मंदिरांच्या सभागृहांत होतात. मोठ्या, खांब नसलेल्या छपराची दालने टोर्नेडोत लवकर कोसळतात. म्हणून आयोजकांनी सभागृह ठरवतानाच आसऱ्याचे आतले पॅसेज आणि खोल्या कोणत्या हे व्यवस्थापकाकडून समजून घ्यावे, एका स्वयंसेवकाकडे केवळ हवामानावर लक्ष ठेवण्याचे काम द्यावे आणि निवेदकाने कार्यक्रमाच्या आरंभी या जागा जाहीर कराव्यात. वॉर्निंग निघाली, तर नाटकाचा कितीही रंगलेला अंक त्याच क्षणी थांबवण्याचा अधिकार त्या स्वयंसेवकाला असला पाहिजे. पार्किंगकडे धावणाऱ्या गर्दीला रोखणे हे सर्वांत कठीण काम असते आणि आधी सूचना दिलेली असेल तरच ते साधते.

वादळ गेल्यानंतर

बूट घालून, टॉर्च घेऊन सावकाश बाहेर यावे. गॅसचा वास किंवा फुसफुसणारा आवाज आला, तर दिव्याचे बटणही न दाबता सगळ्यांना घेऊन दूर जावे आणि तेथून ९११ ला कळवावे. घर उभे राहिले म्हणून देवापुढे समई किंवा उदबत्ती लावण्याची इच्छा होते. गॅसची वाहिनी तपासली जाईपर्यंत ती आवरावी, आणि वीज नसली तरी मेणबत्ती पेटवू नये. लोंबकळणाऱ्या तारा आणि त्यांना लागलेले पाणी यांपासून दूर राहावे. जनरेटर घरात किंवा गराजमध्ये चालवू नये, तो दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट अंतरावर ठेवावा. त्याच्या वायूमुळे वादळातून वाचलेली माणसे नंतर दगावल्याची उदाहरणे आहेत. फोनचे जाळे तुंबलेले असते, म्हणून संदेश पाठवावा. दुसऱ्या राज्यातील एका मित्राला आधीच मध्यस्थ नेमून ठेवले, तर सगळ्यांची खुशाली एकाच ठिकाणी गोळा होते आणि भारतातही तोच कळवू शकतो.

नुकसानभरपाईचा विचार मात्र वादळाच्या कितीतरी आधी करावा लागतो. भाड्याच्या घरात घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू होत नाही. त्यासाठी स्वतःचा रेंटर्स इन्शुरन्स लागतो, तो साधारणपणे महिन्याला पंधरा-वीस डॉलरला मिळतो आणि बहुतेक वेळा तात्पुरत्या निवासाचा खर्चही देतो. गाडीच्या विम्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे टक्करीखेरीजच्या नुकसानीचा, भाग घेतलेला नसेल, तर गारा आणि वारा यांचे नुकसान मिळत नाही. टेक्सासमध्ये घराच्या विम्यात वारा आणि गारांसाठीचा डिडक्टिबल बहुधा टक्क्यांत असतो: घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून जातात. पॉलिसी घेताना हा आकडा विचारावा आणि प्रत्येक खोलीचे, कपाटे उघडून, चित्रीकरण करून ठेवावे.

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तींना फेमा या संघराज्य आपत्ती-निवारण संस्थेची रोख मदत सहसा मिळत नाही. ती नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक वर्गांतील परदेशी व्यक्तींसाठी असते. घरात अमेरिकेत जन्मलेले अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या नावाने पालक अर्ज करू शकतात. तात्पुरता निवारा, अन्न आणि पाणी यांसाठी मात्र व्हिसाचा दर्जा विचारला जात नाही, आणि रेड क्रॉसच्या छावणीत जायला कोणीही कचरू नये.

दुसऱ्या दिवसापासून छपरे दुरुस्त करणारे अनोळखी ठेकेदार दारोदार फिरू लागतात. नुकसानीची छायाचित्रे काढून आणि विमा कंपनीला कळवून होईपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये. पाऊस आत येऊ नये म्हणून छपरावर ताडपत्री घालून घेण्यास हरकत नाही, फक्त तिची पावती जपून ठेवावी. डिडक्टिबल आम्हीच भरतो, असे सांगणाऱ्या ठेकेदाराला तेथूनच परत पाठवावे, कारण टेक्सासमध्ये २०१९ पासून हा प्रकार बेकायदा आहे. विमा कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईल तेव्हा काढलेली छायाचित्रे, खोल्यांचे जुने चित्रीकरण आणि खर्चाच्या पावत्या एकत्र करून त्याच्यासमोर ठेवाव्यात, आणि त्याच्याशी झालेल्या प्रत्येक बोलण्याची तारीख व दाव्याचा क्रमांक लिहून ठेवावा.